गाडीत बसलेल्या साध्वीजींना वंदना करावी का?



आज जरा अवघड विषयाला हात घालते आहे. आपल्या महिला मंडळांत, स्थानकात, उपाश्रयात, लग्नाच्या पंगतीत एक वाक्य नेहमी ऐकू येतं. "त्या गाडीनं येतात ना, मग त्यांना कसली वंदना करायची?" बोलणारी बाई वाईट नसते. रोज सामायिक करते, आठम-चौदस पाळते, रात्री पाणीही पीत नाही. साध्वीजी म्हणजे अनवाणी चालणाऱ्या, ही समजूत तिच्या मनात लहानपणापासून घट्ट बसलेली आहे, आणि ती समजूत चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या एका वाक्यानं आपण कोणाला दारातून परत पाठवतो, आणि का, याचा नीट हिशेब मांडायला हवा.

ज्यांच्यामुळे हा वाद आपल्या घराघरांत पोचला त्या आचार्य चंदनाजी महाराज २०२५ मध्ये देवलोकवासी झाल्या. त्यानंतर मोबाईलवर श्रद्धांजलीचे फोटो खूप फिरले. फोटो पुढे पाठवणं सोपं असतं. त्यांनी काय केलं, ते कशासाठी केलं आणि त्यात आपल्यासाठी काय आहे, हे समजून घ्यायला वेळ लागतो. म्हणून हा लेख.

चंदनाजी आपल्या महाराष्ट्राच्याच. २६ जानेवारी १९३७ रोजी पुणे जिल्ह्यात, खेडजवळच्या चासकमान गावी, कटारिया कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरातलं नाव शकुंतला. आपल्यापैकी बऱ्याच जणींचं माहेर पुणे-नगरकडचं आहे. त्या भागातली मारवाडी घरं, ओसरीवरचं किराणा-कापडाचं दुकान, घरात मारवाडी आणि बाहेर मराठी बोलणं, चातुर्मासात रोजचं व्याख्यान, हे सगळं आपल्याला ओळखीचं आहे. अशाच घरातल्या या मुलीनं चौदा-पंधराव्या वर्षी स्थानकवासी परंपरेत दीक्षा घेतली. अभ्यासासाठी त्यांनी बारा वर्षं मौन पाळलं असं त्यांच्या चरित्रात येतं. उत्तराध्ययन सूत्राचं त्यांनी केलेलं हिंदी भाषांतर-संपादन आजही वाचलं जातं. म्हणजे आगम न वाचता मर्यादा मोडणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. नियम काय आहे आणि तो का आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा नक्कीच जास्त ठाऊक होतं.

भगवान महावीरांच्या २५००व्या निर्वाण वर्षाच्या सुमारास, म्हणजे १९७३-७४च्या काळात, उपाध्याय अमर मुनींच्या प्रेरणेनं त्यांनी बिहारमध्ये राजगीरला वैभारगिरीच्या पायथ्याशी वीरायतन उभं केलं. राजगीर म्हणजे आपली राजगृही. भगवंतांनी राजगृही आणि नालंदा मिळून चौदा चातुर्मास केले असं कल्पसूत्रात आहे. आपण तिथे यात्रेला जातो, पाच पहाड चढतो, पावापुरीच्या जलमंदिरात हात जोडतो आणि गाडीत बसून परत येतो. ज्या गावांमधून भगवंत चालले त्या गावांत आज कोण राहतं, ते काय खातात, त्यांच्या डोळ्यांना दिसतं का, असा प्रश्न यात्रेकरूंच्या मनात सहसा येत नाही. चंदनाजींना तो पडला. त्यांनी तिथे डोळ्यांचा दवाखाना काढला, त्याचं नाव नेत्र ज्योती सेवा मंदिर. मोतीबिंदूनं आंधळी झालेली खेड्यातली म्हातारी माणसं तिथे येऊ लागली. ती जैन नव्हती, पुढे जैन होणारही नव्हती. त्यांच्यावर उपचार झाले आणि ती आपापल्या घरी गेली. सेवा, शिक्षा आणि साधना हे वीरायतनचं सूत्र. त्यात सेवेचं नाव पहिलं आहे.

पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. तो नेमका त्यांच्या वाढदिवसाचा दिवस होता. वीरायतनच्या साध्वी तिकडे गेल्या. पडलेल्या गावांतल्या मुलांसाठी शाळा सुरू झाल्या आणि पुढे फार्मसी आणि इंजिनीअरिंगची कॉलेजंही निघाली. आता साधा विचार करा. राजगीरपासून कच्छपर्यंत पायी विहार करायचा तर कित्येक महिने लागतील. साध्वीजी पोचेपर्यंत ढिगारे उपसून झाले असते आणि मुलं शाळेवाचून इकडेतिकडे पांगली असती.

या कामासाठी चंदनाजी आणि त्यांच्या साध्वी गाडीत बसल्या, आगगाडीत बसल्या, विमानानं परदेशीही गेल्या, आणि वाद झाला तो इथेच.

वाद समजून घ्यायचा तर विरोध करणाऱ्यांची बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. साधू-साध्वी वाहनात का बसत नाहीत? त्यांना त्रास व्हावा म्हणून हा नियम केलेला नाही. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू, वनस्पती आणि त्रस अशा सहाही कायांच्या जीवांची हिंसा मी करणार नाही, करवणार नाही आणि करणाऱ्याला अनुमोदनही देणार नाही, हे व्रत मनानं, वाणीनं आणि कायेनं जन्मभरासाठी घेतलेलं असतं. गाडीचं इंजिन म्हणजे अग्नी आणि वायू, चाकाखाली त्रस जीव. चालताना साडेतीन हात जमीन बघत पाय टाकायचा ही ईर्यासमिती. ती ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगात कशी पाळणार? शिवाय गाडी आली की ड्रायव्हर, पेट्रोल, पैसे आणि मालकी हे सगळं मागोमाग येतं. आज कामासाठी गाडी, उद्या सोयीसाठी गाडी, परवा गाडीत एसी. ही भीती अगदी खोटी आहे असं कोण म्हणेल? व्रत एकदा सैल झालं की ते कुठे थांबेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

पायी विहाराचा आणखी एक गुण आहे. त्याबद्दल आपण कमी बोलतो, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. गाडीनं जाणारा माणूस दोन गावांना भेटतो, जिथून निघाला ते आणि जिथे पोचला ते. चालणाऱ्या साध्वीजी मधली सगळी गावं बघतात. पेणहून निघून वडखळ, पोयनाड करत अलिबागला येणाऱ्या साध्वीजींची वाटेत एखाद्या शाळेच्या वर्गात रात्र जाते, एखाद्या आगरी कुटुंबाच्या पडवीत दुपार जाते. जिथे एकही जैन घर नाही तिथे लोक विचारतात, बाई, तुम्ही चप्पल का घालत नाही? तोंडाला कापड का बांधलंय? पैसे नाहीत म्हणता, मग जेवता कुठे? या प्रश्नांची उत्तरं देता देता जो धर्मप्रचार होतो तो कोणत्याही मोठ्या मंडपात होत नाही. स्वतः भगवान लाढ देशात फिरले. तिथे लोकांनी त्यांच्या अंगावर कुत्री सोडली, असं आचारांगात वर्णन आहे. अनोळखी मुलखात पायी जाणं आपल्या धर्माच्या मुळाशीच आहे.

मग मी कोणाच्या बाजूची? थोडं थांबा. आपल्याच किनाऱ्यावरची एक गोष्ट आधी बघू.

आपला रायगडचा किनारा खाड्यांनी कापलेला आहे. धरमतरची खाडी, रेवदंड्याला कुंडलिका, पुढे राजपुरीची खाडी आणि शेवटी बाणकोटची. रेवदंड्याहून साळावला जायला पूल आहे. पण मुरूडकडून श्रीवर्धनकडे जायचं तर आगरदांडा-दिघीची जंगलजेट्टी, नाहीतर खाडीला लांबचा वळसा. बागमांडल्याहून बाणकोटच्या बाजूला जायलाही तसंच. जुन्या काळी पूल नव्हते तेव्हा होडी हाच रस्ता होता. मग साधू-साध्वींनी काय करावं?

आगमांनी याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. आचारांगाच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात ईर्येचं प्रकरण आहे, त्यात नावेत बसण्याचे नियम आहेत. साधूसाठी मुद्दाम विकत घेतलेली किंवा उसनी आणलेली नाव चालत नाही. नाव पलीकडे जाणारीच असली पाहिजे. नावेत चढल्यावर जागा निवडायची नाही. नावाड्यानं दोरी ओढायला सांगितली तरी ओढायची नाही, शांत बसायचं. पाणीसुद्धा जीव आहे, अप्काय, आणि नाव ते कापत जाते, हे सांगणाऱ्यांना ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. तरी त्यांनी वाट ठेवली. वाट ठेवताना ती अरुंद ठेवली आणि तिच्यावर पहारा बसवला.

यातून मी असा अर्थ काढते की आपल्या पूर्वाचार्यांनी जमीन बघून नियम केले. ज्या देशात मोठ्या नद्या आडव्या येतात तिथे नाव निषिद्ध केली असती तर पलीकडच्या गावांना धर्म मिळालाच नसता. "नाव चालली म्हणून गाडीही चालेल" इतकं सोपं गणित मी मांडत नाही. नदीला दुसरा मार्ग नव्हता, रस्त्यावर तर पाय आहेत, असं उत्तर कोणीही देईल, आणि ते बरोबरही आहे. मला एवढंच म्हणायचं आहे की अपवाद हा शब्द आपल्या धर्मात शिवीसारखा नाही. उत्सर्ग आणि अपवाद हे दोन्ही शास्त्राचेच शब्द आहेत. प्रश्न असतो तो अपवादाचं कारण किती खरं आहे आणि त्याच्यावर पहारा किती कडक आहे, एवढाच.

तेरापंथानं हा प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवला. आचार्य तुलसींनी १९८० मध्ये समण श्रेणी सुरू केली. समणीजी संसार सोडतात, ब्रह्मचर्य पाळतात, गुरूंच्या आज्ञेत राहतात. पण त्यांना वाहनानं प्रवास करण्याची मोकळीक आहे. त्यामुळे त्या देशात आणि परदेशात जाऊन शिकवू शकतात. साध्वीजींची मर्यादा होती तशीच राहिली आणि ज्यांना दूर जायचं आहे त्यांच्यासाठी मधली पायरी तयार झाली. मला ही फार शहाणपणाची व्यवस्था वाटते. यात कोणी कोणाला फसवत नाही. समणीजी गाडीतून उतरल्या तर "व्रत मोडलं" असं कोणी म्हणू शकत नाही, कारण त्या व्रतात ती मर्यादा घेतलेलीच नाही.

दिगंबर समाजातही असा मधला रस्ता पूर्वीच निघाला होता. मुंबईच्या सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या कन्या मगनबाई लहान वयात विधवा झाल्या. त्या काळच्या विधवेचं आयुष्य कसं असे ते आपल्या आज्या-पणज्यांकडून आपण ऐकलेलं आहे. मगनबाई कोपऱ्यात बसल्या नाहीत. त्या शिकल्या, मुंबईत त्यांनी श्राविकाश्रम चालवला आणि गावोगाव फिरून बायकांना शिकवा असं सांगत राहिल्या. ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सोलापूरच्या पंडिता सुमतीबाई शहांनी तेच काम महाराष्ट्रात पुढे नेलं. या दोघी आर्यिका नव्हत्या, श्राविका होत्या. म्हणून प्रवासाची आडकाठी त्यांना आली नाही.

आता "मिशनरी" या शब्दाबद्दल. आपल्याकडे हा शब्द नाक मुरडून उच्चारला जातो. पण खेड्यात दवाखाना कोणी काढला असं विचारलं तर तोंडावर पहिली नावं त्यांचीच येतात. तमिळनाडूत वेल्लोरला इडा स्कडर नावाच्या डॉक्टर बाई होत्या. शंभरेक वर्षांपूर्वी त्या गाडी घेऊन गावोगावच्या रस्त्यानं जात आणि ठरलेल्या ठिकाणी झाडाखाली थांबून रुग्ण तपासत. लोकांना वार आणि जागा माहीत असे, ते आधीच येऊन बसत. १९१८ मध्ये त्यांनी बायकांना डॉक्टरी शिकवणारी शाळा काढली आणि तिथूनच आजचं प्रसिद्ध वेल्लोरचं मेडिकल कॉलेज वाढलं. त्यांचा धर्म वेगळा आणि त्यांचा हेतूही आपल्याला सगळाच पटेल असं नाही. पण ठरलेल्या दिवशी ठरलेल्या झाडाखाली वर्षानुवर्षं जात राहणं, ही तपश्चर्या नाही असं मला म्हणवत नाही. चंदनाजींनी नेमकं हेच आपल्या धर्मात राहून केलं, आणि कोणाचा धर्म बदलण्याची अट न घालता केलं. म्हणून मी त्यांना आपल्यातली पहिली मिशनरी म्हणते आणि ते मानानं म्हणते.

१९८७ मध्ये अमर मुनींनी त्यांना आचार्यपद दिलं. जैन परंपरेत आचार्य झालेल्या त्या पहिल्या साध्वी. या गोष्टीचं वजन लक्षात येण्यासाठी दोन आकडे सांगते. मी कॉमर्सची, आकडे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. कल्पसूत्रात भगवंतांच्या संघाची मोजणी आहे. साधू १४ हजार, साध्वी ३६ हजार. श्रावक १ लाख ५९ हजार, श्राविका ३ लाख १८ हजार. म्हणजे साध्वी साधूंच्या अडीच पटीहून जास्त आणि श्राविका श्रावकांच्या बरोबर दुप्पट. त्या ३६ हजारांच्या प्रमुख होत्या आर्या चंदनबाला. आजही साध्वींची संख्या साधूंपेक्षा जास्तच आहे. तरी शंभर वर्षांच्या दीक्षापर्यायाच्या साध्वीनं आज दीक्षा घेतलेल्या साधूला वंदना करायची, हा नियम आहे. जिथे असा नियम आहे तिथे एका साध्वीला आचार्य म्हणणं किती जणांच्या घशाखाली उतरलं नसेल! मला कधीकधी वाटतं, विरोध जेवढा गाडीला होता तेवढाच या पदालाही होता. फक्त गाडीवर बोट ठेवणं सोपं होतं.

२०२२ मध्ये सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. तेव्हा आपल्या समाजानं फलक लावून अभिनंदन केलं. सरकारनं मान दिला की आपण टाळ्या वाजवतो आणि त्याच साध्वी दारात आल्या की "गाडीनं आल्या" म्हणून कपाळाला आठी घालतो. हे दोन्ही एका तोंडानं शोभत नाही.

आता माझं मत सांगते.

पहिली गोष्ट. ज्या साध्वीजी पायी चालतात त्यांचं व्रत सर्वात उंच आहे आणि ते तसंच राहावं. कोणीही त्यांना "बसा हो गाडीत, काळ बदललाय" असं सांगू नये. व्रत घेणाऱ्याचं असतं, ते सैल करण्याचा सल्ला देणं हे श्राविकेचं काम नाही. पण मग त्यांच्या चालण्याची जबाबदारी आपली आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चाललं आहे. त्या रस्त्याची अवस्था आपण रोज भोगतो. कुठे डायव्हर्जन, कुठे कडेला पट्टीच नाही, मागून कंटेनर सुसाट येतात. विहारात वाहनाच्या धडकेनं साधू-साध्वी गेल्याच्या बातम्या आपण किती वेळा वाचल्या! बातमी वाचून बारा नवकार म्हणणं पुरेसं नाही. पनवेलपासून महाडपर्यंत आणि इकडे श्रीवर्धनपर्यंत प्रत्येक गावच्या मंडळानं आपल्या पुढच्या दहा-बारा किलोमीटरचा भार उचलला तर सगळी साखळी तयार होते. विहाराला सोबत चार माणसं, अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटं, पुरेसं उजाडल्याशिवाय निघायचं नाही असा आग्रह, जिथे शक्य आहे तिथे महामार्ग सोडून आतला रस्ता, आणि मुक्कामाच्या शाळेत आधी जाऊन केलेली झाडलोट. यात पैसा फार लागत नाही. माणसं लागतात, आणि त्यात बायकाही असाव्यात. साध्वीजींसोबत चालायला फक्त तरुण मुलगेच का?

वयस्क साध्वीजींच्या व्हीलचेअरचाही विचार करायला हवा. पायी विहार झेपत नाही म्हणून साध्वीजी व्हीलचेअरवर बसतात आणि पगारावर ठेवलेली एखादी गरीब बाई उन्हातान्हात, घाट चढत, ती ढकलते. पूर्वी डोली असे, ती माणसं खांद्यावर नेत. मर्यादा इंजिनाची आहे, चाकाची नाही, हे मला समजतं. पण त्या ढकलणाऱ्या बाईच्या पायांत चप्पल आहे का, तिला वेळेवर जेवण मिळतं का, आजारी पडली तर तिचं कोण बघतं, हे विचारणं अहिंसेतच येतं. तिची सुखसाता कोणी विचारत नाही. निदान हे तरी आपल्या हातात आहे.

दुसरी गोष्ट. ज्या साध्वीजी किंवा समणीजी सेवेसाठी, शिकवण्यासाठी वाहनानं जातात आणि हे उघडपणे सांगून करतात, त्यांना वंदना करावी. आपापल्या संप्रदायाच्या विधीत बसेल तशी करावी. तिक्खुत्तोचा पाठ म्हणून करा किंवा नुसते हात जोडून करा, पण गोचरीला आल्या तर दार बंद नसावं. त्यांनी संसार सोडला, केस उपटले, घर सोडलं, कोणाच्या म्हाताऱ्या आईच्या डोळ्यांना दृष्टी दिली. मी नियमांचा अभ्यास करते म्हणून त्यांना नापास करण्याचा अधिकार मला मिळत नाही. आपली परीक्षा त्यांनी घ्यायची की त्यांची आपण? आणि लपवून गाडी वापरणारे कोणी असतील तर तो प्रश्न वेगळा. तिथे दोष लपवण्याचा आहे. चंदनाजींनी जे केलं ते उजेडात केलं आणि त्याची किंमतही उजेडातच चुकवली.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती आपल्याबद्दल आहे. साध्वीजींना वाहनाची बंदी आहे. श्राविकेला ती नाही. भगवंतांनी चतुर्विध संघात आपल्याला जागा दिली ती फक्त गोचरी वाढण्यासाठी दिलेली नाही. आज किनाऱ्यावरच्या बहुतेक जैन घरांसमोर गाडी उभी आहे. ती पालिताण्याला जाते, शंखेश्वरला जाते, लग्नांना जाते, मुलांना भेटायला पुण्याला जाते. मांडव्याला रो-रो सुरू झाल्यापासून तर मुंबई अगदी जवळ आली. पण आपल्याच तालुक्यातल्या डोंगरावरच्या कातकरी वाडीपर्यंत ती किती वेळा जाते? दिवाळीनंतर या वाड्या ओस पडतात. माणसं वीटभट्टीवर, कोळसा पाडायला निघून जातात. मुलं बरोबर जातात आणि शाळा सुटते. पावसाच्या तोंडावर परत येतात ती अंगावर उचल आणि पोटात भूक घेऊन. ही माणसं आपल्या दुकानाची गिऱ्हाइकं आहेत. आठवडी बाजाराच्या दिवशी आपण त्यांना मीठ, तेल, सुकी मिरची विकतो. त्यांच्या वाडीचं नाव आपल्याला उधारीच्या वहीतून माहीत असतं.

१९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या जिल्ह्यात खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतीला गेलेली माणसं पावसात, चिखलात डोंगर चढून गेली. त्या दिवशी कोणतीही यंत्रं वर जाऊ शकली नाहीत, पायच कामाला आले. म्हणून मी म्हणते, पाय मोठे की चाक मोठं हा वाद घालण्यात अर्थ नाही. रस्ता आहे तिथवर चाकानं जावं, रस्ता संपला की पायांनी जावं. पण जावं तर खरं!

काय करता येईल? मोठी संस्था काढायची गरज नाही. एका मंडळानं एक वाडी धरावी. महिन्यातला एक ठरलेला वार. वेल्लोरच्या त्या बाईंसारखं एक ठरलेलं झाड, कारण वार चुकला की विश्वास जातो. ओळखीच्या डॉक्टरांना घेऊन डोळे तपासावेत, मोतीबिंदू असेल त्याला ऑपरेशनसाठी गाडीत बसवून न्यावं आणि परत आणून सोडावं. परत आणून सोडणं विसरू नये. शिबिराच्या फोटोत नेणं दिसतं, आणणं दिसत नाही. मुलांच्या वह्यांपेक्षा मुलं भट्टीवर गेली तर मागे आजीजवळ राहून शिकू शकतील का, हे विचारावं. मांसाहार सोडा असं पहिल्याच भेटीत सांगू नये. दोन वर्षं जात राहा, मग ते स्वतः विचारतील तुम्ही काय खाता म्हणून.

आणि खर्चाचं म्हणाल तर आपल्या मंडळाची वही उघडा. तपस्येच्या प्रभावनेत स्टीलचे डबे किती वाटले, सांझीच्या गीतांना काय खर्च आला, यात्रेच्या बसला किती गेले, ते बघा. ते बंद करा असं मी म्हणत नाही. त्याच वहीत एक नवं पान उघडा आणि वर वाडीचं नाव लिहा. कोणत्या पानावर किती जमा झाली ते वर्षानं बघू.

पुढच्या चातुर्मासात तुमच्या गावी पायी आलेल्या साध्वीजी असोत की गाडीनं आलेल्या, त्यांना एकच विनंती करून बघा. "महाराज साहेब, आमच्या वाडीवर याल का? पायी यायचं तर आम्ही सोबत चालू. गाडीनं यायचं तर गाडी आहे." त्या काय उत्तर देतात ते मला जरूर कळवा. आणि त्या येऊ शकल्या नाहीत, तर आपण जाऊ या.

या लेखात शास्त्राविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.